माझा टेप सिस्टरकडं होता

सकाळची भाकरीची वेळ होती. आमच्या घरची, म्हणजे गयाबाई, काठवटीत पीठ मळत होती आणि मी दारात चहाची बशी घेऊन बसलो होतो. तेवढ्यात मिशनच्या सिस्टरांच्या घरातली नवी पोरगी, सिस्टर ज्योती, आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आजी, सिस्टर अन्नम्मा वारल्या. पहाटे. नांदेडला." गयाबाई उठली. हात पिठानं भरलेले तसेच, पदराला पुसायचं सुद्धा तिला सुचलं नाही. ज्योतीच्या मागं गेली आणि गाडीत बसली. मला येता का म्हणाली नाही, चुलीवर तवा आहे तो उतरवा म्हणाली नाही. तवा मी उतरवला. काठवटीतलं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या, तोवर मी बघत बसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी ही बाई पीठ अर्धं टाकून कधी उठलेली नाही. मला एकदा दुकानात चक्कर आली, शेजारचा पळत सांगायला आला, तेव्हा हिनं त्याला म्हटलं होतं, "एवढी भाकर टाकते अन् येते."

मी मागून एसटीनं नांदेडला गेलो. म्हाताऱ्या झालेल्या सिस्टरांना त्यांचे लोक तिकडं ठेवतात. पोचलो तर अंगण आमच्या वस्तीतल्या बायांनीच भरलेलं, लातूरहून दोन टेंपो करून आलेल्या. फादरनं विचारलं, जवळचं नात्यातलं कोणी आलंय का? केरळातून कोणी पोचू शकलं नव्हतं. आणि माझ्या बायकोनं हात वर केला... मी मागं, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. मला ते दिसलं आणि मी खाली बघितलं.

सिस्टर अन्नम्मावर पेपरात चांगलं चांगलं लिहून आलं. बालवाडी काढली, बायांना मशीन शिकवलं, अडलेल्या बाईला हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेलं, दारू पिऊन मारणाऱ्यांच्या दारात जाऊन बसली. ते सगळं खरं आहे, त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण ते लिहिणाऱ्यांचं तिनं काही नेलेलं नव्हतं. माझं नेलं होतं. म्हणून मला वेगळं लिहावं लागतंय. माझं शिक्षण तिसरी, तेही निजामाच्या अमलातलं, तेव्हा अक्षर आणि भाषा दोन्ही सांभाळून घ्या. अजून एक, तिच्या तोंडावर मी कायम अहो-जाहो केलं, पण मनात तिला एकेरीच बोलत आलो. इथं मनातलंच लिहितोय.

मी शिंपीकाम करणारा माणूस. जातीनं शिंपी नाही. आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं, बाप गावकीची कामं करायचा. छप्पन्न साली आम्ही धर्म घेतला तसा बापानं कामं सोडली, आणि मी लातूरला येऊन महेबूब उस्तादाच्या दुकानात काज-बटण करायला बसलो. उस्तादानं मला बसायला स्वतःच्या शेजारी पाट दिला. पुढं मी रेल्वे लाइनीच्या पलीकडं आमच्या वस्तीत स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा उस्तादानं आपला टेप माझ्या गळ्यात घातला. पिवळा, कापडी, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. म्हणाला, "यावर कधी रेघ मारायची नाही. टेप म्हणजे दर्ज्याचं इमान." त्या दिवसापासून वस्ती मला मास्तर म्हणायला लागली. ज्याच्या बापाला कोणी पुऱ्या नावानं हाक मारली नाही, त्याला लोक मास्तर म्हणतात, याचं मोल ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांना अंगावरचं धडुतं पुरत नव्हतं ते नवं काय शिवणार? वस्ती खडी फोडायला गेली. मी गेलो नाही. मास्तर खडी फोडायला गेला तर पुन्हा त्याला मास्तर कोण म्हणेल, हा माझा हिशोब. मशीन पुसायचो, तेल घालायचो आणि रिकाम्या रस्त्याकडं बघत बसायचो. त्याच दिवसांत लिंबाखालच्या पत्र्याच्या खोल्यांत दोन सिस्टरा राहायला आल्या, त्यातली एक अन्नम्मा. लोक म्हणाले, ह्या धर्म बदलायला आल्यात. मी म्हटलं, आपण आपला धर्म आपल्या हातानं घेतलाय, तो काय कोणाच्या पिशवीत जाणाराय? खरं सांगायचं तर अन्नम्मानं त्या गोष्टीचं नाव कधी काढलं नाही. जयंतीची मिरवणूक निघाली की लिंबाखाली रांजण भरून उभी राहायची, पाणी द्यायची. पाणी द्यायची आणि पाणी मागायची पण. ज्या दारात जाईल तिथं आधी म्हणायची, "पाणी देता का?" आमच्या दारचं पाणी गावात कोण मागून पीत होतं? बाया तिथंच विरघळल्या.

एके दुपारी ती माझ्या दुकानात आली. काटकुळी, सावळी, माझ्याहून लहानच असेल. "मास्टर, टेप आहे?" तिला मास्तर म्हणता यायचं नाही. लई दिवसांनी गिऱ्हाईक आलं म्हणून मी टेप झटकून पुढं केला. तिनं तो घेतला, खिशातून पेन काढलं आणि टेपवर निळी रेघ मारली. उस्तादाच्या टेपवर. मी उभाच राहिलो. म्हटलं, "बाई, काय केलं हे?" ती म्हणाली, "हे माप तुमच्याकडे नाही, मास्टर. लहान मुलाचा दंड या रेघेच्या आत आला, तर ते मूल जाईल." आणि टेप घेऊन गेली. संध्याकाळी आणून देते म्हणाली.

लिंबाखाली सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या गोड पिठाची, कढई असायची. पोरं रांगेत उभी करून ती एकेकाच्या दंडाला टेप लावायची, आणि रेघेच्या आत येईल त्याला सुकडी आधी, वर दुधाचा पेला. संध्याकाळी मी टेप आणायला गेलो. रांगेत बघतो तर गयाबाई, कडेवर आमची कांता. मी घरात बजावून ठेवलं होतं की मास्तरच्या घरचं कोणी सुकडीला जाणार नाही. मी म्हटलं, "घरी चल." ती रांगेतून हलली नाही. सिस्टरनं सगळ्यांच्या देखत कांताच्या दंडाला माझा टेप गुंडाळला. रेघेच्या पार आत. माझा टेप, माझी पोर, आणि माप दुसरीच घेतेय... सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. सिस्टर म्हणाली, "मास्टर, उद्यापण आणा हिला." मी म्हटलं, "माझा टेप?" ती म्हणाली, "लागतो आहे अजून."

कांता वाचली. आता बिलोलीकडं शाळेवर आहे, तिची सुद्धा रिटायरमेंट जवळ आली. सिस्टरच्या सुकडीनं वाचली हे मी कबूल करतो, नाही म्हणायला मी काय आंधळा आहे? माझं म्हणणं एवढंच की पोर माझी होती, आधी मला विचारायचं होतं. हे मी गयाबाईला तेव्हाही बोललो. ती म्हणाली, "तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता. मग मी काय करायचं होतं?" त्या दिवसापासून ती त्या बाईची झाली. सकाळ माझी, रात्र माझी, पण दुपार सिस्टरची. भांडी आवरली की निघाली लिंबाखाली. घरात ही बाई मोजून मापून बोलायची, आणि तिथून हिचं हसणं माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. मशीन चालवता चालवता मी पाय थांबवायचो, काय चाललंय ते कळावं म्हणून. कळायचं काही नाही, नुसतं हसणं यायचं.

सिस्टरनं पुढं मशीन आणले आणि बायांना शिवण शिकवायला लागली. वस्तीत शिंपी असताना. इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगायला पाहिजे. बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही, हे उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं. बाईनं मापाचा झंपर आणून टाकायचा, मी त्यावरून नवा कापायचा. बहुतेक जणींचा मापाचा झंपर म्हणजे लग्नातला. मी इमानानं तस्सा उतरवायचो, सुताचा फरक नाही. घरच्या बाईला तरी वेगळं कसं करणार? गयाबाईचा लग्नातला झंपर शिरूरच्या कोण्या दर्ज्यानं शिवलेला. त्यावरून मी शिवत गेलो. तीन बाळंतपणं झाली तरी त्यावरूनच.

एक दिवस ही नवा झंपर घालून आली. हिरवा. मी जेवत होतो, घास हातातच राहिला. खांदा कसा बसलाय, बगलेचा मुंढा कसा फिरलाय, ते दर्ज्याच्या डोळ्याला लपत नाही. विचारलं, "कोणी शिवला?"

"मीच."

"अन् माप?"

"शिस्टरनं घेतलं." मग तिनं फळीवरचा डबा काढायला हात वर केला, सरळ वरपर्यंत, आणि मागं वळून म्हणाली, "तुमच्या झंपरात हात वर केला की बगलंत टराटरा उसवायचं. मला वाटायचं, बाईनं हात वर करायचाच नसतो."

मी ताट सारून उठलो. तिनं ते झाकून ठेवलं, समजूत काढली नाही. रीत मी काढलेली नव्हती, उस्तादाची होती, आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाची. पण त्या दुपारी मला काय झोंबलं ते सांगतो. माझ्या बायकोच्या पाठीची रुंदी किती, दंडाचा घेर किती, हे त्या केरळच्या बाईला माझ्याच टेपनं कळलं होतं आणि मला माहीत नव्हतं.

पुढं लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादच्या चकरा संपल्या, पेढे वाटले, रिक्षावाल्यांनी गुलाल खेळला. आम्हाला वाटलं आता आपलं सोनं होणार. कचेऱ्या आल्या तसे कारकून आले, आणि त्या वेळी प्रत्येक कारकुनाला सफारी पाहिजे होती. मी सफारीत हात बसवला. एका बालवाडीच्या गणवेशाचं मोठं काम निघालंय असं कानावर आलं, म्हणून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बोलायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "तुमच्याच वस्तीतल्या बायांना दिलंय ते. सिस्टर येऊन गेल्या." तसाच तडक लिंबाखाली गेलो. पहिल्या मशीनवर माझीच बायको, फ्रॉकांचा ढीग मांडीशी. मी दारातून म्हटलं, "सिस्टर, आधी टेप नेला, मग बायको नेली, आता धंदा नेला. राहिलंय काय?"

बायांचे पाय मशीनवर थांबले. सिस्टर उठून दारात आली. तिची एक सवय होती, कोणाशीही बोलताना त्याचा दंड धरायची, अंगठा आणि बोटांत, माप घेतल्यासारखा. पोर असो, म्हातारी असो. पुरुषाचा मात्र धरायची नाही. ती हात तसाच अर्ध्यात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मास्टर, आमच्या मुंढ्यात चूक येते. तुम्ही कापून दाखवता का?"

"मी बायांत येऊन बसणार न्हाई."

"मग बाहेर बसा."

मागून गयाबाईचा आवाज आला, "बसतेत की. बाहेर बसून कान लावायची सवय हाय त्यांना." सगळ्या बाया फिस्सकन हसल्या. मी खिडकीबाहेर दगडावर बसलो ते निव्वळ हट्टानं. आतून बाई विचारायची, मी बाहेरून सांगायचो, मुंढा खोल घ्या, दाब जास्ती सोडा, पोर वाढणाराय. फ्रॉक चांगले झाले. पण नाव झालं सिस्टरच्या बायांचं. उठताना मी विचारलं, "दुष्काळ संपून जमाना झाला, आता तरी टेप द्या."

ती म्हणाली, "कोणाच्या घरचा संपला, मास्टर?"

त्याच आठवड्यात मी तिला वस्तीच्या मागच्या पालांत बघितलं. बाहेरगावची माणसं, नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर आलेली. जिल्ह्याच्या इमारतीच्या विटा ज्या बाया वाहत होत्या, त्यांची पोरं वाळूत बसवून ही त्यांच्या दंडाला टेप लावत होती. निळी रेघ पुसट झाली की वरून पुन्हा मारायची. मी रस्त्यावरनंच परत फिरलो. त्यानंतरही जिथं भेटेल तिथं मी विचारायचो, "टेप?" आणि ती म्हणायची, "लागतो आहे, मास्टर." लोकांना ती गंमत वाटायची. मी गंमत करत नव्हतो.

शेवटचं भेटलो ते गेल्या दिवाळीनंतर. गुडघे गेले म्हणून तिला नांदेडला हलवलं होतं, आणि गयाबाईनं जायचा धोशा लावला होता. सिस्टर खिडकीशी खुर्चीत बसलेली, पोराएवढी झालेली. माणसं ओळखू येत नव्हती म्हणे, पण गयाबाई दिसली तशी हसली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी बाजूच्या स्टुलावर, हातात मोसंब्यांची पिशवी. बराच वेळ कोणी माझ्याकडं बघितलं नाही... मग एकाएकी सिस्टरनं हात लांबवला आणि माझा दंड धरला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. अंगठा आणि बोटं गोल फिरवली आणि म्हणाली, "मास्टर, कमी झालात. जेवत नाही का?" गयाबाई हसता हसता रडायला लागली. मी टेपचं विचारायचं विसरलो.

माती देऊन आलो त्यावर आता काही आठवडे उलटले. गयाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. भाकरी पुढं ठेवली की एक तुकडा मोडायची आणि ताट सारायची. कांता येऊन गेली, सुना सांगून थकल्या. मी एक दिवस म्हटलं, "एवढी रडून राहिलीस तिच्यासाठी. मी मेलो तर एवढं रडशील का?"

भिंतीकडं तोंड करूनच ती म्हणाली, "आधी मरा तर. मग बघू."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. मला हसू आलं नाही, कारण तिनं कूस बदलली तेव्हा झंपर खांद्यावरनं घसरला. माझ्या डोळ्यानं एका नजरेत हिशोब केला. ही बाई आटत चालली होती. सिस्टरच्या मागं निघाली होती, मला इथं ठेवून. आयुष्यभर दुपारची जायची, तशी.

दुसऱ्या दिवशी सिस्टर ज्योती बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. सिस्टर अन्नम्मानं सांगून ठेवलं होतं, हा मास्टरला द्या. उघडला तर आत माझा टेप. एका टोकाची पितळी पट्टी गेलेली, आकडे पांढरे पडलेले, पण रेघ ठळक, एवढ्या वेळा वरून गिरवलेली की कापड तिथं निळंजांभळं आणि जाड झालेलं. मी तो नाकाशी नेला. उस्तादाच्या दुकानाचा वास कधीच गेला होता, साबणाचा येत होता.

मी टेप गळ्यात घातला आणि आत गेलो. गयाबाईला म्हटलं, "ऊठ, झंपर शिवायचाय. माप दे."

ती म्हणाली, "ट्रंकेत हाय मापाचा. घ्या काढून."

"तो नको. उभी राहा."

तिनं वळून बघितलं, माझ्या गळ्यात टेप बघितला. भिंतीला धरून उठली आणि उभी राहिली. मी पाठ घेतली, खांदा घेतला. दंडाला टेप लावला तर ती म्हणाली, "तिथं न्हाई. शिस्टर जरा वर धरायच्या." मेल्यावर सुद्धा ही बाई आमच्या मधी उभी. मी टेप जरा वर सरकवला. हिरव्या झंपराचा दंड माझ्या डोळ्यात तेव्हापासून बसलेला आहे, आता तिचा दंड त्याच्या निम्म्यावर आला असेल. मी म्हटलं, "कमी झालीस. जेवत न्हाईस." आणि बोलल्यावर ऐकू आलं की हे बोलणं कोणाचं आहे. तिलाही ऐकू आलं. त्या दिवशी भाकरीचा एक तुकडा मोडून तिनं ताट सारलं नाही, पुढचाही मोडला.

झंपर शिवायला मला दिवस लागले, डोळे साथ देत नाहीत. दाब चांगला सोडलाय, अंग भरलं की उसवून मोठा करता येईल. दर इतवारी मी माप घेतो. ती कुरकुर करते, "झालं की, कितीदा घेताव," पण उभी राहते.

परवा ज्योती पुन्हा आली. लिंबाखालच्या खोलीत सिस्टर अन्नम्माचा फोटो लावायचाय, मोठे लोक येणार आहेत. "आजोबा, तो टेप द्याल का? काचेच्या पेटीत घालून फोटोखाली ठेवू, सगळ्यांना बघायला मिळेल." पोरगी चांगली आहे, मनापासून मागत होती. मी गळ्यातल्या टेपला हात लावला आणि म्हटलं, "न्हाई, बाई. लागतोय अजून."

आत भांडी घासायचा आवाज थांबला आणि गयाबाई हसली, मोठ्यानं, लिंबाखाली हसायची तशी. सिस्टर आठवली म्हणून हसली की माझं बोलणं ऐकून, ते मी विचारलं नाही. माझं बोलणं ऐकून हसली, असं मी धरून चाललोय.